लसणाची पोती

लसणाच्या पोत्यांत नशेच्या गोळ्या आहेत, हे बुआलोयला कळलं ते नाक्यावर पोलिसांनी पोतं फाडलं तेव्हा. गाडी तिची, लसूण तिचा, आणि शेजारी बसलेला थानोम तिचाच पाठचा भाऊ. त्यानं मान खाली घातली, त्यातच ती काय ते समजली.

चियांग राईच्या कोर्टात सरकारनं दिलेला वकील म्हणाला, "एवढ्या गोळ्या म्हणजे जन्मठेप. गुन्हा कबूल केला तर जन्मठेपेची पन्नास वर्षं धरून निम्मी, पंचवीस वर्षांवर येते. भाऊ करतोय कबूल. बाई, तुम्हीही करून टाका."

"केलंच नाही ते कबूल काय करू?"

"मला पटतंय हो. कोर्टाला पटायला हवं ना? गाडी तुमच्या नावावर आहे."

"ताई, हो म्हण गं," थानोम पुटपुटला. "तुला ठाऊक नव्हतं, हे मी सांगतोय, पण कुणी ऐकत नाही."

"तू बोलूच नकोस. पोती स्वतः चढवलीस तेव्हा मला वाटलं, बहिणीची कंबर दुखते म्हणून दया आली."

तिची मुलगी पिम नर्सिंग शिकत होती. आई गोळ्या विकायची, हे पोरीनं आईच्याच तोंडून ऐकावं, हे बुआलोयला सोसणार नव्हतं. तिनं शेवटपर्यंत नाहीच म्हटलं.

भाऊ बहिणीला वाचवायला बोलणारच, असं म्हणून न्यायाधीशांनी थानोमची साक्ष बाजूला सारली. त्याला पंचवीस वर्षांची शिक्षा झाली. बुआलोयला जन्मठेप.

"मामानं केलं, मग त्याला कमी कशी?" पिमनं वकिलाला विचारलं.

"त्यानं कबूल केलं," वकील म्हणाला आणि पुढच्या खटल्याला गेला.

खाली कोठडीच्या जाळीपाशी पिम आईला भेटायला आली. म्हणाली, "आई, अपिलात तरी हो म्हण. मला काही वाटणार नाही."

बुआलोयनं तिच्याकडे रोखून पाहिलं. "खरं सांग. मला माहीत होतं, असं वाटतं तुला?"

पिमनं डोळे पुसले. "तू घरी यावीस, एवढंच वाटतं."

हे काही उत्तर नव्हतं. बुआलोय जाळीला कपाळ टेकून उभी राहिली. ज्यासाठी एवढा हट्ट धरला, ते कधीच हातातून गेलं होतं.

"वकिलाला बोलाव," ती म्हणाली.

अपिलात तिनं सगळं कबूल केलं. गोळ्या कुठून आल्या, हे विचारलं तेव्हा थानोमनं कोर्टात सांगितलेलंच तिनं सांगितलं. उशिरा कबूल केलं म्हणून शिक्षा निम्मी काही झाली नाही. पन्नासातला तिसरा हिस्साच कमी होऊन तेहतीस वर्षांवर आली.

थानोम तिच्याआधी सुटेल.