कप्तानाची बाजू

मेहुण्याच्या त्या पत्राला नानांनी उत्तर दिलं नव्हतं, आणि ते न दिलेलं उत्तर त्यांना रोज सकाळी आठवायचं. पत्र चष्म्याच्या घराखाली ठेवलेलं होतं. चष्मा घ्यायला हात गेला की पाकिटाचा कोपरा बोटाला लागायचा. मग नाना हात मागे घ्यायचे आणि चष्म्याशिवायच वर्तमानपत्र उघडून नुसत्या मथळ्यांवर भागवायचे.

नाना म्हणजे निवृत्त ग्रंथपाल. सगळी नोकरी दुसऱ्यांची मतं विषयवार लावून ठेवण्यात गेली. कुठलं पुस्तक कुठल्या कपाटात, हे त्यांनी झोपेतही सांगितलं असतं. पण तुमचं स्वतःचं मत काय, असं कोणी विचारलं की त्यांची ततपप व्हायची. समोरचा जे बोलेल ते त्यांना पटायचं. लबाडी नव्हती त्यात. तेवढ्यापुरतं खरोखरच पटायचं.

मेहुणा म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ, बापू. पूर्वी तो जवळच राहायचा आणि दर आठवड्याला यांच्याकडे टीव्हीवरची एक मालिका बघायला यायचा. मालिका अंतराळातली. एक भलंमोठं यान, त्यात शेकडो माणसं, आणि पोचायचं ठिकाण इतकं लांब की निघालेल्यांची नातवंडंच तिथे उतरणार. एका भागात कप्तानाची मुदत संपते, नवा कप्तान निवडायचा असतो, आणि नेमकं हवेचं यंत्र बिघडतं. कप्तान जाहीर करतो, यंत्र दुरुस्त होईपर्यंत मतदान नाही.

"बरोबर केलं," बापू मांडीवर थाप मारून म्हणाला होता. "श्वास घ्यायची मारामार, आणि यांना मतं टाकायचीत. काय दाजी?"

दाजी तेव्हा चहाचा ट्रे घेऊन उभे होते. त्यांनी मान डोलावली आणि बिस्किटं पुढे केली. दुसऱ्या दिवशी वरच्या मजल्यावरचे शिंपीबुवा जिन्यात भेटले. ते म्हणाले, "तो कप्तान महाचोर आहे. यंत्र त्यानंच बिघडवलं असणार." नानांनी तिथेही मान डोलावली.

पुढे बापू दुसऱ्या गावी एका वसाहतीत राहायला गेला आणि तिथल्या रहिवासी संघाचा अध्यक्ष झाला. मुदत संपली तेव्हा वसाहतीत नळाचं काम अर्धवट होतं, म्हणून त्यानं निवडणूक पुढे ढकलली. लोक कुरकुरायला लागले आणि हे पत्र आलं.

"दाजी, त्या कप्तानाचं बरोबर होतं हे तुम्हाला तेव्हाच पटलं होतं. तुम्ही वाचलेला माणूस. दोन ओळी लिहून पाठवा, सभेत वाचून दाखवीन. निवडणूक लांबवणारा प्रत्येक जण खुर्चीला चिकटलेला नसतो, हे लोकांना कळू दे."

नाना कात्रीत सापडले. कप्तानाचं बरोबर म्हणावं, तर शिंपीबुवांचा चेहरा समोर यायचा. चूक म्हणावं, तर बापूचा. कप्तान काल्पनिक आणि बापू खरा, हेही विसरून चालेना.

"बापूला दोन ओळी लिहायला हात दुखतो का तुमचा?" बायको विचारायची. पत्रानंतर बापूचा फोन आला नव्हता आणि ते तिला लागलं होतं.

"मत पक्कं होऊ दे."

"मत आहे की ओली भिंत? कधीची वाळतेय."

महिन्यांमागून महिने गेले. काहीच न लिहिणं म्हणजे कुठल्याच बाजूला नसणं, असा नानांचा समज होता. तो बापूच्या मुलीनं मोडला. ती परिचारिका, रुग्णालयातल्या जेवणाच्या सुट्टीत तिनं आत्याला फोन केला आणि मग म्हणाली, काकांना द्या.

"काका, बाबांना काय कळवलंत तुम्ही?"

"मी? काहीच नाही."

"तेच तर. काल सभेत बाबा म्हणाले, आमच्या दाजींनी अख्खं ग्रंथालय वाचलंय. त्यांना मी लेखी विचारलं, आणि विरोधाचा एक शब्द आला नाही. झालं, निवडणूक आणखी वर्षभर पुढे."

"कोणी काही बोललं नाही?"

"टाळ्या वाजवल्या. मीपण वाजवल्या."

"तू कशाला?"

"बाबा आहेत माझे, काका. घरी जेवायचं असतं." ती हसली. "नळाचं काम कधीच संपलंय."

नानांनी फोन ठेवला. जन्मात कधी मत न दिलेला माणूस, आणि त्याचं मत एका परक्या वसाहतीत टाळ्या घेऊन आलं होतं. दुपारी त्यांनी टीव्ही लावला. त्या मालिकेचे जुने भाग पुन्हा दाखवत होते. यानातला स्वयंपाकी कप्तानाच्या तोंडासमोर बोट नाचवत होता. नाना बराच वेळ बघत राहिले.

"अगं, हे लोक इतकं तोंडावर कसं बोलतात?"

"लिहून दिलेलं असतं त्यांना," बायको कपड्यांच्या घड्या घालत म्हणाली.

"तसं नव्हे. या यानात कोणी कोणाकडे आलेलं नाही, बघ. पाहुणा नाही, यजमान नाही. बापू आपल्याकडे यायचा तेव्हा तो पाहुणा. पाहुण्याला कसं खोडायचं? आपण त्याच्याकडे गेलो की तो यजमान. त्याचा चहा पिऊन त्यालाच कसं खोडायचं? मग माणसानं एकमेकांना चूक म्हणायचं तरी कुठे?"

"रस्त्यात म्हणा."

"रस्त्यात लोक बघतात."

बायकोनं हातातली घडी खाली ठेवली. "म्हणजे बापूचं चुकलं असं वाटतंय तुम्हाला."

नाना दचकले. असं वाटतंय हे त्यांना आत्ताच कळत होतं. "तसं लिहिलं तर तो चिडेल का?"

"चिडेल. माझ्याशीही काही दिवस बोलणार नाही."

"मग नको लिहू?"

"हे बघा, सुरू झालं. मला विचारू नका. मी काही बोलले की तेच तुमचं मत होऊन बसेल." ती स्वयंपाकघरात गेली आणि जाताना दार लोटून घेतलं. आतल्या भांड्यांच्या आवाजावरून ती कोणाच्या बाजूची आहे, याचा नानांनी अंदाज घेऊन पाहिला. काही लागला नाही. मग त्यांनी कागद ओढला.

"प्रिय बापू, उत्तराला फार उशीर झाला. कप्तानाचं मला पटलेलं नाही. यंत्र बिघडलं होतं हे खरं, पण हवा सगळ्यांची होती, म्हणून विचारायलाही सगळ्यांना हवं होतं. तेव्हा मी मान डोलावली ती तू पाहुणा होतास म्हणून. तुला ते मत वाटलं, यात तुझी चूक नाही. सभेत हे पत्र वाचायचं असेल तर सगळं वाच. वाचायचं नसेल तर माझा दाखला देऊ नकोस. तुझा राग गेला की ताईला फोन कर, ती वाट बघते. माझं मत बदललं तर कळवीनच."

शेवटचं वाक्य त्यांनी खोडलं, पुन्हा लिहिलं, आणि राहू दिलं. खरं तेच होतं.

बायकोनं पत्र वाचायला मागितलं नाही. तिकीट मात्र तिनंच शोधून दिलं आणि पत्ता एकदा नीट बघून घेतला.

टपालपेटीच्या फटीत नानांनी पाकीट घातलं आणि तसंच धरून ठेवलं. मागे एक माणूस येऊन उभा राहिला. त्याच्या हातात पाकिटांचा गठ्ठा होता.

"काका, टाकताय ना?"

सवयीनं नाना बाजूला व्हायला निघाले होते. "हो," ते म्हणाले, "टाकतोय," आणि त्यांनी बोटं सैल केली. पाकीट आत पडल्याचा आवाज आला. त्याच क्षणी त्यांच्या मनात आलं की यानात लहान मुलंही होती, आणि कप्तानालाही त्याची काही बाजू असणारच.