बेरिलच्या घरची धूळ

इंग्लंडमधल्या रॅम्सक्लफ गावात कुणाच्याही घरात धूळ नाही. हवं तर विचारून बघा. कापडगिरण्या चालू होत्या तेव्हा छपरांवर काजळीचे थर बसायचे, पण त्या काजळीलाही उंबऱ्याच्या आत यायची परवानगी नव्हती. गिरण्या बंद पडल्या, काजळी गेली. दारासमोरची पायरी दगडाने घासायची बायकांची सवय तेवढी राहिली. अशा गावात नॉरिस एंटविसल दारोदार धूळ मागत हिंडत होता. एखाद्याने भर चौकात मार मागत हिंडावं, तसलाच प्रकार.

"धूळ?" मिसेस रोथवेल दारातच कंबरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या. "माझ्या घरात? कोण म्हणालं तुला? एडना म्हणाली ना?"

"कुणी नाही हो म्हणालं. मी आपलं सहज—"

"सहज? आज धूळ मागतोस, उद्या उवा मागशील!"

एडना शेजारच्याच दारात उभं राहून ऐकत होती. ती म्हणाली, "माझ्याकडे नाही रे बाबा. तिच्याकडेच बघ, भरपूर असेल." आणि दार लावून घेतलं.

चॅपलच्या पाद्रीबुवांनी निदान हसून उत्तर दिलं. "नॉरिस, आपण सगळे धूळच आहोत, असं मी दर रविवारी सांगतो. पण ती आगाऊ नाही देता येत."

आता ही धूळ हवी कशाला, ते सांगायला हवं. नॉरिस बस डेपोतून निवृत्त झालेला मेकॅनिक. जुने व्हॅक्यूम क्लीनर शोधून आणायचे, त्यांची मोटर खोलायची, पितळ घासायचं, फाटकी वायर बदलायची आणि दुकानातून आजच आणल्यासारखे करून ठेवायचे, हा त्याचा नाद. मागच्या खोलीत फळ्यांवर आणि फळ्यांखाली त्यांची नुसती दाटी झाली होती. आणि इतके व्हॅक्यूम क्लीनर असलेल्या त्या घरात त्याची बायको बेरिल केर मात्र झाडूने काढायची. कारण याचा पट्टा मूळचा होता, त्याची पिशवी मूळची होती, आणि तिसऱ्याची तब्येत नाजूक होती. जुन्या यंत्राला कामाला लावणं म्हणजे, नॉरिसच्या मते, आजोबांना हमालीला पाठवणं.

जिल्ह्यात असल्या नादिष्टांचं एक मंडळ होतं. दर शरदात चॅपलच्या हॉलमध्ये त्यांचा गालिचा-सामना व्हायचा. गालिच्याचे दोन सारखे तुकडे, दोन्हींवर सारखी तोललेली धूळ लाकडी रुळाने दाबून बसवायची, आणि ज्याचं यंत्र जास्त धूळ पिशवीत ओढेल तो जिंकला. पीठ, वाळू असलं काही चालत नसे. धूळ खरी हवी, माणसाच्या वावराची. ती सभासदाच्या घरची नको, म्हणजे आपल्या धुळीची सवय झालेलं यंत्र आणून कुणी फसवायला नको. आणि धूळ देणाऱ्याचं नाव सामन्याआधी मोठ्याने वाचून टाळ्या वाजवायच्या, ही रीत.

इतकी वर्षं हा मान मिस पिलिंगचा होता. त्यांच्या घरात मांजरं होती, झाडू नव्हता. पण वसंतात त्या वृद्धाश्रमात गेल्या आणि त्यांच्या भाचीने कुणालाही न विचारता एका दुपारीत सगळं घर साफ केलं. मंडळाने दुखवट्याचा ठराव केला. मिस पिलिंग ठणठणीत होत्या. ठराव धुळीसाठी होता.

आणि नेमकं याच वर्षी बक्षीस होतं 'सुलताना'. मंडळाचे दिवंगत अध्यक्ष ग्रिमशॉ यांच्या घरचं जुनं उभं यंत्र. वर निळी पिशवी, पुढे पत्र्याचा गोल माथा. ग्रिमशॉ जाताना सर्वांसमक्ष सांगून गेले होते: यंदाचा सामना जो जिंकेल, सुलताना त्याची. सामना झालाच नाही तर शहरातल्या संग्रहालयाची.

नॉरिसची आई ग्रिमशॉंच्या घरी साफसफाईला जायची. पोराला ठेवायला कुणी नाही म्हणून सोबत न्यायची, आणि सुलतानाच्या त्या गोल माथ्यावर बसवून दिवाणखानाभर फिरवायची. बुडाखाली पत्रा कोमट व्हायचा आणि पोटात गुदगुल्या व्हायच्या. आईचा नीटसा फोटोही नॉरिसकडे नव्हता. होता तो एवढा कोमटपणा.

म्हणून तर तो रिकामा बिस्किटांचा डबा काखेत घेऊन गावभर फिरला, आणि रिकामाच घेऊन घरी आला. बेरिलने पुढ्यात मटण-बटाट्याचा रस्सा ठेवला, तोही गार होऊ लागला.

"जेव."

"संग्रहालयात नेतील गं तिला. काचेमागे ठेवतील. कुणाला हात लावू देणार नाहीत."

बेरिलने रश्श्यावर झाकण ठेवलं. मग म्हणाली, "ऊठ. मागच्या खोलीत चल."

खोलीत जाऊन तिने खालच्या फळीकडे बोट दाखवलं. "उचल तो."

नॉरिसने यंत्र उचललं. खाली धूळ होती. नुसती धूळ नव्हे, दुधावरची साय असावी तशी जाड, मऊ, राखी. कडेने उचलली असती तर घडी पडली असती.

"'माझ्या यंत्रांना हात लावायचा नाही' म्हणालास," बेरिल म्हणाली. "नाही लावला."

नॉरिस गुडघ्यांवर बसला. "बेरिल! अगं ही तर पहिल्या प्रतीची आहे!"

"कौतुक नको. ने. पण माझं नाव त्या हॉलमध्ये निघता कामा नये. मिसेस रोथवेल आणि एडना चहा करायला असतात तिथे. माझ्या आईने जन्मभर ही पायरी घासली आहे, नॉरिस."

"नाव वाचायची रीत आहे गं."

"मग ही धूळ इथेच राहील."

शेवटी 'एका हितचिंतकाकडून' असं म्हणायचं ठरलं, म्हणजे ती सभासदाच्या घरची आहे हेही झाकलं जाईल, आणि डबा भरला.

सामन्याच्या दिवशी हॉल गच्च भरला. मागे चहाच्या बंबापाशी बेरिल, मिसेस रोथवेल आणि एडना कप मांडत होत्या. पुढे टेबलापाशी क्लिफर्ड हॅसलम. हा बँकेतून निवृत्त झालेला, आता मंडळाचा कार्याध्यक्ष, आणि दर वर्षी न चुकता सामना जिंकणारा. त्याने डबा उघडला. चिमूटभर धूळ बोटांत चोळली, नाकाशी नेली आणि डोळे मिटले.

"पितळेचं पॉलिश," तो म्हणाला.

नॉरिसच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या.

क्लिफर्डने बोटं दिव्याखाली धरली. "आणि ही काळी भुकटी बघा. मोटरचा कार्बन. मंडळी, ही साध्या घरातली धूळ नाही. हिच्यात जुन्या मोटरी दुरुस्त झाल्या आहेत. काय रे एंटविसल, कुठला म्हणे हा हितचिंतक?"

"आहे एक," नॉरिस पुटपुटला.

"सभासदाच्या घरची धूळ चालत नाही. दुसरी नसेल तर सामना नाही. आणि सामना नाही तर—" त्याने सुलतानाकडे पाहिलं. खरं तर त्यालाही वाईट वाटत होतं. ती त्यालाही हवी होती. पण नियम मोडायचा तर बँकेत आयुष्य काढलं कशाला?

मागे किटली खाली ठेवल्याचा आवाज आला.

"धूळ माझी आहे," बेरिल म्हणाली.

सगळ्या माना वळल्या. एडनाची सगळ्यात आधी.

"बेरिलबाई, घर नॉरिसचं—"

"घर माझ्या आईने मला दिलंय. यंत्रं त्याची. यंत्रांखाली जे साठलंय ते माझं. त्या घरात करायचं राहून गेलेलं सगळं माझ्याच नावावर असतं. आणि मी तुमच्या मंडळाची सभासद नाही. होणारही नाही."

क्लिफर्डने नियम मनातल्या मनात उलटून पाहिला, मग सुलटून पाहिला. त्याला हरकतीला कुठेच जागा सापडेना. "मग... नाव मोठ्याने वाचावं लागेल."

"वाचा की. जरा जोरात वाचा, एडनाला डाव्या कानाने कमी ऐकू येतं."

"यंदाची धूळ," क्लिफर्ड घसा साफ करून म्हणाला, "सौजन्य, श्रीमती बेरिल एंटविसल."

टाळ्या झाल्या. एडनाने इतक्या जोरात वाजवल्या की बशीतला केक हलला. मिसेस रोथवेल मात्र कप पुसत राहिल्या. मग बेरिलकडे झुकून हळूच म्हणाल्या, "कपाटामागची चालली असती का गं? माझ्याकडे आहे थोडी. नॉरिसने नीट विचारलं असतं तर..."

सामना सुरू झाला. क्लिफर्डचं यंत्र गर्जत निघालं. पण पॉलिशच्या तेलकटपणाने धुळीच्या गुठळ्या झाल्या होत्या, त्या त्याच्या तोंडाशी अडकून बसल्या. नॉरिसच्या यंत्राला ओढ कमी, पण त्याचा फिरता रूळ गालिच्याला खालून थापट्या मारायचा. तो रूळ नॉरिसने त्याच मागच्या खोलीत, त्याच धुळीत वर्षानुवर्षं फिरवून बघितला होता. म्हणजे नियम ज्या लबाडीसाठी केला होता, अगदी तीच झाली. पण नियमात बसून झाली, त्यामुळे कुणी काही बोललं नाही. पिशव्या तोलल्या, नॉरिसची चमचाभर जड भरली. क्लिफर्डने त्याचा हात हातात घेतला, दाबला, आणि मग स्वतःचा हात रुमालाला पुसला.

घरी जाताना गाडीत सुलताना बेरिलच्या मांडीवर होती.

"हिला ठेवणार कुठे?"

"मागच्या खोलीत. खालच्या फळीवर सरकवून—"

"आधी ती खोली साफ होणार. आणि हिनेच होणार."

"सुलतानाने? अगं, तिची पिशवी मूळची आहे!"

बेरिलने फक्त त्याच्याकडे पाहिलं. आज हॉलमध्ये तिचं काय काय मूळचं गेलं, ते त्या पाहण्यात होतं.

घरी पोचल्यावर दोघांनी फळ्या रिकाम्या केल्या आणि त्याने प्लग लावला. सुलताना आधी खोकली, मग गुणगुणायला लागली. नॉरिसने तिच्या माथ्यावर हात ठेवला. पत्रा हळूहळू कोमट झाला. त्याचा हात तिथेच राहिला.

"बस," बेरिल म्हणाली.

"मी? या वयात?"

"बस म्हणते ना. बघत कोण आहे?"

तो जपून, अर्धाच बसला. बेरिलने दांडा धरून जोर लावला. यंत्र तसूभर हललं नाही.

"तुझी आई भलतीच दांडगी बाई होती," ती धापा टाकत म्हणाली.

"मी लहान होतो."

"तरीसुद्धा."

मग तो उतरला आणि ती कामाला लागली. सुलताना फळ्यांखालून, भिंतीकडेने, टेबलाच्या पायांमधून फिरली, आणि तिच्यामागे लाकडी जमीन पुन्हा दिसू लागली. तिचा रंगही दोघं विसरले होते. उरला खिडकीखालचा कोपरा. नॉरिसने तिथली पेटी सरकवायला हात घातला, तोच बेरिलने बटण बंद केलं.

"ती राहू दे."

"का गं? तिथे तर सगळ्यात जास्त आहे."

"म्हणूनच," बेरिल वायर गुंडाळत म्हणाली. "पुढच्या वर्षी काय, कपाटामागच्या धुळीसाठी मिसेस रोथवेलचं नाव वाचायचं?"