आदिनाथच्या पायावर जेवायला बसलेली दिवड

लातूरच्या एका डाळमिलच्या ऑफिसात नोकरी करणाऱ्या सुकन्याला बेडकांचा नाद होता. लोकांच्या बायका साडीच्या दुकानापाशी गाडी थांबवायला लावतात, ही नालीपाशी लावायची. "अहो, थांबा थांबा," म्हणत उतरायची, कडेला उकिडवी बसायची आणि कान लावून आवाज ऐकायची. तिचा नवरा आदिनाथ तेवढा वेळ स्कूटरवर हेल्मेट न काढता बसून राहायचा. ओळखीचं कोणी जाऊ नये, एवढीच त्याची इच्छा.

आदिनाथ कोचिंग क्लासमध्ये गणित शिकवायचा. वर्गात त्याचा आवाज खालच्या चहाच्या टपरीपर्यंत जायचा. पण घरात पाल दिसली की हा माणूस पेपर घेऊन शेजारच्यांकडे जाऊन बसायचा आणि सुकन्यानं हाक मारल्याशिवाय परत यायचा नाही.

मे महिन्यात नांदेडहून गुरुलिंगचा फोन आला. गुरुलिंग सर्पमित्र होता. मराठवाड्यातल्या सगळ्या सर्पमित्रांचा मेळावा तो विष्णुपुरीला, धरणाजवळच्या आमराईत भरवत होता.

"ताई, तुम्ही बेडकावर बोला. चांगलं अर्धा तास बोला. नुसतं साप साप ऐकून लोक कंटाळून राहिले."

"पण मे महिन्यात मेळावा? एवढ्या उन्हात?"

"पावसाळ्यात आम्हाला टाइम कुठं असतो ताई? तवा सीझन असतो आमचा."

आदिनाथनं एकच प्रश्न विचारला, "तिथं साप असतील का?"

"जिवंत साप दाखवायला कायद्यानं बंदी आहे," सुकन्या म्हणाली. "एकसुद्धा साप नसणार."

"मग येतो. जेवणात काय आहे?"

जेवणात आमरस होता. तो आला.

एसटीनं नांदेड आणि तिथून ऑटोनं विष्णुपुरी गाठेपर्यंत दोघांचे चेहरे भाजलेल्या वांग्यासारखे झाले. आमराईच्या तोंडाशी मोठं बॅनर होतं. त्यावर गुरुलिंगचा चेहरा होता, आणि त्याच्या खांद्याशी, जागा उरली म्हणून घातल्यासारखा, एक नाग. आत सर्पमित्रच सर्पमित्र. कोणाच्या शर्टावर नाग, कोणाच्या अंगठीत नाग, एकाच्या मोबाईलची रिंग पुंगीची. ज्याला त्याला कुठं ना कुठं साप चावलेला होता आणि ती जागा दाखवायची फार हौस होती. काही जागा चारचौघांत दाखवण्यासारख्या नव्हत्या. त्याही दाखवल्या गेल्या.

सगळ्यांत जास्त गर्दी उदगीरच्या चंद्रप्पाभोवती. त्याच्या मनगटापासून मानेपर्यंत नाग गोंदलेला होता. सापाचं चुंबन घेतानाचे त्याचे व्हिडिओ लाखो लोक बघायचे. त्याच्या डाव्या हाताचं अर्धं बोट नव्हतं. ते घोणसीनं खाल्लं असं तो सांगायचा. गावाकडचे लोक कडबाकुट्टीच्या यंत्राचं नाव घ्यायचे.

कार्यक्रम सुरू झाला तो सत्कारांनी. गुरुलिंगनं चंद्रप्पाचा सत्कार केला, चंद्रप्पानं गुरुलिंगचा केला. मग दोघांनी मिळून इतरांचे केले. त्या उन्हात अंगावर शाल घेऊन माणसं घामानं निथळत फोटो काढून घेत होती. मग चंद्रप्पा माइकपाशी गेला आणि तिथंच राहिला. गोष्टीत एकेक नाग धरता धरता त्यानं दुपार केली. सुकन्याच्या अर्ध्या तासाची पंधरा मिनिटं झाली, मग पाच. शेवटी गुरुलिंग तिच्या कानाशी येऊन म्हणाला, "ताई, दोन शब्द बोलून घ्या. आमरस गरम होऊन राहिला."

सुकन्या स्टेजवर चढली. तिनं माइक हातात घेतला आणि समोरून खुर्च्या सरकल्याचा आवाज आला. अर्धे लोक ताटांकडे निघाले होते.

इकडे आदिनाथनं सकाळीच आपली प्लास्टिकची खुर्ची उचलून मागं पाण्याच्या टाकीपाशी नेली होती. तिथं सावली होती, टाकी गळत असल्यानं गारवा होता, आणि सर्पमित्र लांब होते. चपला काढून, ओल्या मातीवर पाय टेकवून तो डोळे मिटून बसला होता. त्याच ओलीत एक बेडूक बसला होता, त्याच्याच कारणासाठी. आणि त्या बेडकाच्या मागावर कालव्याच्या बाजूनं एक दिवड आली. हातभर लांब पाणसाप, अंगावर बुद्धिबळाच्या पटासारखे चौकडे. तिनं बेडकावर झडप घातली ती नेमकी आदिनाथच्या उजव्या पायावर. बेडकाची तंगडी तोंडात धरून तिथंच थांबली.

आदिनाथनं डोळे उघडले, खाली बघितलं आणि गरजला, "साप!"

दिवसभर सापावाचून तडफडणारे सर्पमित्र ताटं टाकून धावले. पण धरायचा कोणी, यावर तिथंच वाद पेटला.

"नांदेडची हद्द हाय, आमचा माणूस धरंल," गुरुलिंग म्हणाला.

"पाहुण्याला मान द्यायचा का न्हाई?" चंद्रप्पा म्हणाला. "उदगीरवरून नुसता आमरस खायला आलोय का मी?"

"अहो, कोणीतरी धरा!" आदिनाथ ओरडला.

"सर, जरा मान वर करा," मोबाईलवाल्यांपैकी एकजण म्हणाला. "चेहरा येऊन नाही राहिला."

सुकन्या धावत पोचली. माइक अजून हातातच होता. बेडूक बारीक आवाजात किंचाळत होता. असा आवाज तिनं कधी ऐकला नव्हता. तिचा हात आपोआप पुढं गेला.

"ताई, सोडवू का त्याला?" गुरुलिंगनं विचारलं. सगळे तिच्याकडे बघायला लागले.

सुकन्यानं हात मागं घेतला. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. "नको," ती म्हणाली. "तिला पण भूक असेल. मागं सरका सगळे."

"अगं, माझ्या पायावर बसून जेवणार आहे ती!"

"जेवू द्या. दिवड आहे, विषारी नाही. तुम्ही फक्त हलू नका."

आदिनाथला हलता येतच नव्हतं. आणि मग त्या आमराईत दिवसभरात पहिल्यांदा शांतता झाली. मोठमोठे गडी मातीत उकिडवे बसून बघत राहिले. दिवड सावकाश जबडा पुढं सरकवत होती. आपण आयुष्यभर साप धरले, जेवताना एकदाही बघितला नाही, असं कोणीतरी हळूच म्हणालं.

चंद्रप्पाला हे सोसलं नाही. त्याचं लाईव्ह चालू होतं आणि लोक लिहीत होते, 'अण्णा, धरा की.' त्यानं एका हातात मोबाईल धरला, दुसऱ्यानं शेपटी पकडून दिवड वर उचलली. दिवडीनं बेडूक सोडला. बेडूक लंगडत टाकीखाली गेला. चंद्रप्पानं ओठांचा चंबू केला, डोळे मिटले आणि दिवड तोंडाजवळ आणली. तिनं त्याचा खालचा ओठ धरला.

चंद्रप्पाच्या तोंडून जो आवाज निघाला तो लाखो लोकांनी ऐकला. दिवड हातातून सुटून कालव्याकडे गेली आणि चंद्रप्पा सत्काराच्या शालीवर आडवा झाला.

"लेकरांला सांभाळा माझ्या," तो म्हणाला.

"अरे, बिनविषारी हाय," गुरुलिंग म्हणाला. "सकाळपासून तूच सांगून राहिला न, दिवडीला भिऊ नका म्हणून."

"ते खरं हाय रे. पण ओठाला चावली की!"

स्वयंपाकाच्या बायकांनी जखमेवर हळद दाबली. ती जेवणातली असल्यानं तिच्यात तिखट मिसळलेलं होतं. चंद्रप्पा लगेच उठून बसला. मग त्याला जीपमध्ये घालून धनुर्वाताच्या इंजेक्शनासाठी दवाखान्यात नेलं.

लोक उभेच होते. काय करावं कोणाला सुचत नव्हतं. सुकन्यानं माइकवर टिचकी मारली.

"बसा," ती म्हणाली. "आता मी बोलणार आहे."

डाळमिलमध्ये गाड्या भरणाऱ्यांना ती ज्या आवाजात हाक मारायची, तोच आवाज होता. लोक जिथं होते तिथंच मातीत बसले. आत्ता तुम्ही बसला आहात त्या काळ्या मातीखाली बेडूक झोपलेले असतील, असं ती म्हणाली. मागल्या पायांनी खड्डा खणून खाली गेलेले, पाऊस पडेपर्यंत न खाता न पिता पडून राहणारे. दोघातिघांनी बूड उचलून खाली बघितलं. मग तिनं बेडकांचे आवाज काढून दाखवले. हसायला कोणी लागलं नाही. गुरुलिंगनं तर एक आवाज परत काढायला लावला. आमरस पार आंबायला आला तरी कोणी उठलं नाही.

आदिनाथ त्याच खुर्चीत होता. पहिल्यांदाच त्यानं बायकोचं सगळं बोलणं ऐकलं होतं. पळून जाण्याची सोय नव्हती हे खरं, पण शेवटी टाळ्या त्यानंच सुरू केल्या.

चंद्रप्पाच्या लाईव्हचं पुढं भलतंच झालं. लोकांनी त्याच्या ओठाला हसून घेतलं आणि मग त्यांचं लक्ष मागच्या माणसाकडे गेलं. पायावर साप जेवतोय आणि हा दगडासारखा बसलाय! 'लातूरच्या सरांची हिंमत' म्हणून तो तुकडा गावोगाव फिरला. क्लासवाल्यांनी प्रवेशाच्या जाहिरातीत आदिनाथचा फोटो टाकला. आदिनाथनंही कोणाला काही सांगितलं नाही. चालता चालता तो जरा छाती काढायला लागला, एवढंच.

मग लोह्याहून त्याच्या मामाचा फोन आला.

"आदिनाथ, कडब्यात साप शिरलाय. तू ये. आम्ही कोणाला हात लावू देत न्हाई."

दोघं लोह्याला पोचले तर अर्धी गल्ली मामाच्या अंगणात. रामकिशनमामांनी भाच्याला हाताला धरून कडब्याच्या गंजीपाशी नेलं. आदिनाथनं सुकन्याकडे बघितलं. सुकन्या आभाळाकडे बघत होती.

"मामा," आदिनाथ म्हणाला, "मला सापाचं लई भ्या वाटतं."

"अन् ते व्हिडिओत?"

"पाय उचलतच नव्हते, मामा."

मामांनी गल्लीकडे पाठ केली. "मला बी वाटतं," ते हळूच म्हणाले. "म्हणून तर तुला बोलावलं, येड्या."

सुकन्यानं गुरुलिंगला फोन लावला. तो नांदेडहून येईपर्यंत मामा-भाचे ट्रॅक्टरवर चढून बसले आणि मामींनी त्यांना चहा तिथंच वर दिला. गल्लीतली पोरंसोरं खालून हसत होती. आदिनाथला त्याचं फारसं काही वाटलं नाही. उलट मेळाव्यापासून छातीवर ठेवलेलं ओझं उतरल्यासारखं वाटलं.

गुरुलिंग आला, त्यानं पेंढ्या बाजूला केल्या आणि लांबलचक धामण बाहेर काढली.

"बघा तरी," सुकन्या म्हणाली.

आदिनाथ खाली उतरला. जरा पुढं गेला. लांबूनच मान उंचावून नीट बघितलं.

"पिवळी आहे की," तो म्हणाला, आणि परत ट्रॅक्टरवर चढला.