डाव्या कानाचं बूच

जिक्राने उमादेवींच्या उजव्या कानाची पाळी वर ओढली, गाणाऱ्याला स्वतःचा सूर ऐकवणारं ते इवलंसं बूच आत सरकवलं आणि हलकेच फिरवून बसवलं. मग डाव्या कानात तसंच.

"आता आ करा, मावशी. वरचा सा लावता तेवढा."

उमादेवींनी आ केला. जोडी जागची हलली नाही. आधीची जोडी याच परीक्षेत नापास झाली होती. तोंड उघडलं की ती सैल पडे आणि तंबोरा शेजारच्या गावात वाजतोय असं वाटे. या जोडीत तंबोरा थेट मांडीवर आला. गाण्याआधी घेतलेला श्वाससुद्धा ऐकू आला. त्यांनी शिवभक्तीचं एक वचन उचललं, वरच्या पंचमापर्यंत नेलं, आणि सूर असा चोख लागला की मिक्सरवर फिरणारा जिक्राचा हात थांबला. पुढच्याच ओळीला त्यांनी डाव्या कानातलं बूच उपसून काढलं.

"टोचतंय," त्या म्हणाल्या.

जिक्रा म्हणजे लातूरच्या साउंडवाल्या खाजामियाँची सून. सासऱ्यांच्या हाताखाली शिकून आता मोठमोठे कार्यक्रम एकटी सांभाळत होती. संध्याकाळी याच मैदानावर एका कोचिंग क्लासच्या, डॉक्टर होऊ घातलेल्या पोरांचा सत्कार होता, आणि सुरुवात उदगीरच्या उमादेवींच्या गाण्याने व्हायची होती. गेल्या वर्षी स्पीकरच्या दणदणाटात त्यांना स्वतःचाच आवाज ऐकू आला नाही आणि भर मंडपात सूर घसरला. या खेपेला क्लासच्या मॅनेजरने गोड शब्दांत सांगून टाकलं होतं, की कानात यंत्र घालून जमलं तर उत्तमच, नाहीतर रेकॉर्ड लावू, तुम्ही नुसते ओठ हलवा. ओठ हलवायला मी काय मासा हाय का, असं उमादेवी उदगीरपासून लातूरपर्यंत नवऱ्याला विचारत आल्या होत्या.

जिक्राने बुचावरचा फोम काढून लहान मापाचा लावला. त्याने कान गरम होतो म्हणाल्या. रबराचा लावला, तर खाज सुटते म्हणाल्या. शेवटी दुसरं काही सापडेना, तेव्हा आवाज फारच जवळून येतो ही तक्रार झाली. नाचता येईना अंगण वाकडं म्हणतात. इथे नाचता झकास येत होतं आणि तरी बाई अंगणालाच नावं ठेवत होत्या. त्यांना आधीचीच जोडी हवी होती, बाहेरचं सगळं आत येऊ देणारी. जिक्राने वाद घातला नाही. ती जोडी त्यांच्या कानात घातली, मैदानावरचे सगळे स्पीकर ढोलासकट सोडले आणि गायला सांगितलं. दुसऱ्या ओळीलाच सूर उतरला. ते उमादेवींनाही कळलं.

खरं कारण त्यांच्या तोंडातून निघत नव्हतं. त्यांचं माहेर किल्लारीच्या अलीकडचं. भूकंपाच्या पहाटे सगळं गाव गणपती बुडवून दमून झोपलं होतं. उजव्या कुशीवर निजलेल्या उमेच्या डाव्या कानाला जमिनीतली गडगड आधी ऐकू आली. तिने धाकट्या भावाला, चन्नबसप्पाला, ओढत अंगणात नेलं, आणि मागे घर बसलं. तो चन्नबसप्पा आता बिलोलीला बायकापोरांत मजेत आहे, पोट सुटलंय. पण बहिणीचा डावा कान त्या पहाटेपासून उघडाच आहे. उशी, स्कार्फ, थंडीतला मफलर, कशालाच त्याच्यावर जागा नाही. एवढ्या वयाच्या बाईने हे पोरीसारख्या जिक्राला कसं सांगावं, याची त्यांना लाज वाटत होती.

समोरच्या खुर्चीतून त्यांचे यजमान अमृतराव उठले. आडत दुकानात दिवसभर तोंड चालवणारा हा माणूस बायकोच्या गाण्यात कधी बोलत नसे. ते स्टेजच्या पायरीशी आले, चपला काढल्या आणि अनवाणी तळवे जमिनीवर सपाट टेकवून खालच्या पायरीवर बसले.

"दोन्ही घाल," ते म्हणाले. "जमिनीकडं मी बघतो."

"तुम्ही?" उमादेवींना हसू आवरेना. "त्या पहाटे सगळं उदगीर रस्त्यावर आलं, तवा तुम्ही घोरत पडला व्हता. सासूबाईंनी पाणी मारून उठवलं."

"हाव. तवाच झोप झाली माझी. आता जागाच हाय."

जिक्राने दोघांकडे पाहिलं आणि फोमची जोडी पुढे केली. या वेळी उमादेवींनी ती स्वतःच्या हाताने घेतली. डाव्या कानाची पाळी स्वतःच वर ओढली. बाहेरचं जग बंद झालं. छातीतली धडधड तेवढी राहिली. त्यांनी एकदा त्या टेकलेल्या तळव्यांकडे पाहिलं आणि डोळे मिटले.

जिक्राने सगळे स्पीकर पुन्हा सोडले. ढोल सुरू झाले ते कुठेतरी लांब. सूर मात्र जवळ होता, स्वच्छ, हवा तिथे वळणारा. पहिलं कडवं झालं तरी हात कानाकडे गेला नाही. आपण गातोय आणि फक्त गातोयच, हे सुख त्यांना माहीतच नव्हतं; त्यांना भरून आलं, पण आवाज हलला नाही.

दुसऱ्या कडव्याला त्यांनी डोळे उघडले. पायरीवर अमृतरावांची मान छातीवर कलली होती, तोंड किंचित उघडं होतं. गडी गाढ झोपला होता. जिक्राच्याही ते लक्षात आलं, आणि ती त्यांना उठवायला लगबगीने निघाली. उमादेवींनी गाता गाताच हाताने तिला अडवलं, झोपू दे असं खुणावलं, आणि तशाच वरच्या पंचमाकडे निघाल्या.