दाखवायची आई

मी एक कुत्री बोलतेय. भुंकत नाही, बोलतेय, तेव्हा जरा निवांत ऐकून घ्या. लांब केस, मधासारखा रंग आणि नाक कायम वर. घरात मला 'राणी' म्हणायचे आणि मला ते शोभायचंही. थोडा तोरा आहे माझ्यात. तो आता या वयात जायचा नाही.

माझा जन्म मालकाच्या घरामागच्या पत्र्याच्या शेडमधला. पिल्लं विकण्यासाठी तिथे माद्या ठेवलेल्या असत. मी वयात आले आणि पोटात काहीतरी बिघडलं, ताप हटेना. मालकाने मला गाडीत घालून लांबच्या एका डॉक्टरकडे नेलं. शुद्धीवर आले तेव्हा पोटावर शिवण होती आणि मालक कपाळाला हात लावून बसला होता. हिला आता पिल्लं होणार नाहीत, मग हिला फुकट कशाला पोसायचं, असं त्याचं चाललं होतं. मालकीणबाई म्हणाली, "दिसायला तर सोन्यासारखी आहे. पुढच्या खोलीत ठेवू या."

तिथून माझी नोकरी सुरू झाली. गिऱ्हाईक यायचं असलं की मालकीणबाई मला अंघोळ घालायची, केस विंचरायची, सोफ्यावर बसवायची. मग मागून पिल्लं आणून माझ्या पुढ्यात सोडायची. मालकाने खांद्यावर दोनदा थोपटलं की मी कुशीवर आडवं व्हायचं आणि पिल्लं उचलेपर्यंत हलायचं नाही. पिल्लं बिचारी भुकेली, लगेच येऊन झोंबायची. दूध कुठून असणार? पण गिऱ्हाइकाला गहिवरून यायचं. आई किती शांत आहे, असं म्हणत ती माणसं पिल्लू छातीशी धरून निघून जायची. मागच्या दाराकडे कुणी बघायचंसुद्धा नाही. माणसांना सोफा स्वच्छ दिसला की पुरतं.

मला मात्र सगळं कळत होतं. पिल्लांच्या अंगाला त्यांच्या खऱ्या आईचा वास असायचा, बहुतेक वेळा एकीचाच. मालक तिला 'मागची' म्हणायचा, दुसरं नाव तिला नव्हतंच. त्या वासात गंजलेली जाळी होती, साठलेलं मूत होतं, चिघळलेली जखम होती. तो वास नाकात घेऊन मी सोफ्यावर गोड दिसत बसायची.

मग एक चष्मेवाले काका आले. त्यांचं चष्म्यांचं दुकान होतं. त्यांनी नेलेलं पिल्लू आठवडाभरात मेलं होतं. मालक साखर पेरत बोलत राहिला, पण काकांच्या कानावर मागून कण्हणं पडलं आणि ते सरळ मागचं दार उघडून शेडमध्ये गेले. परत आले तेव्हा ते पोलिसांना फोन लावत होते.

त्यानंतर पोलीस आले, जनावरांच्या डॉक्टरीणबाई आल्या. शेडमधल्या सगळ्या जणींना प्राण्यांच्या निवाऱ्यात हलवलं. मागचीला दोघांनी उचलून नेलं, कारण तिला उभं राहता येत नव्हतं. मी धडधाकट, म्हणून मला कुणी हात लावला नाही.

खटला उभा राहिला तेव्हा मालकाच्या वकिलाने एक शक्कल काढली. शेडमधल्या कुत्र्या बेवारस, आजारी. दया येऊन सांभाळल्या. पिल्लांची आई ही एकटी राणी, आणि तिची बडदास्त तर तुम्ही बघताच आहात. "निर्दोष सुटलात की शेडमधल्या सगळ्या कुत्र्या आपण परत मागू," वकील म्हणाला आणि मालक कितीतरी दिवसांनी हसला. मागची पुन्हा त्या जाळीत जाणार होती आणि तिला तिथे पाठवायला माझेच विंचरलेले केस उपयोगी पडणार होते.

न्यायाधीशबाईंच्या परवानगीने मला कोर्टात नेलं. चष्मेवाल्या काकांनी सांगितलं की पिल्लाची आई म्हणून हीच कुत्री दाखवली होती. वकिलाने लगेच तो शब्द झेलला आणि डॉक्टरीणबाईंना विचारलं, हिच्या अंगावर मारल्याची एक तरी खूण दिसते का? त्यांनी मान हलवून नाही म्हटलं. न्यायाधीशबाईंनी मालकाकडे पाहिलं.

"सगळी पिल्लं हिचीच?"

"हो मॅडम, हिचीच," मालक म्हणाला, आणि खुशीत त्याने माझ्या खांद्यावर दोनदा थोपटलं.

मी कुशीवर आडवी झाले. मला दुसरं काही शिकवलंच नव्हतं. पंख्याच्या वाऱ्याने पोटावरचे केस उडाले आणि डॉक्टरीणबाई पुढे झुकल्या. मालकाच्या ते लक्षात आलं. त्याने पट्टा ओढला, मग हिसडला. मी उठले नाही. पिल्लं उचलेपर्यंत उठायचं नाही, ही त्याचीच शिकवण.

डॉक्टरीणबाईंनी परवानगी घेऊन माझ्या पोटावरून बोट फिरवलं. "ही जुनी शस्त्रक्रिया आहे. सोनोग्राफीने खात्री करावी लागेल, पण मला वाटतं हिचं गर्भाशय काढलेलं आहे."

"मग आई कोण?" न्यायाधीशबाईंनी विचारलं.

सोनोग्राफीत तेच निघालं. मालक क्रूरतेबद्दल दोषी ठरला. कैद झाली, दंड झाला, धंद्याचा परवाना गेला, सगळ्या जणी कायमच्या निवाऱ्याकडे सोपवल्या गेल्या. सरकारी वकिलाने जन्मभराची बंदी मागितली होती. कोर्टाने ठरवलं की दहा वर्षं त्या घरात एकही जनावर ठेवायचं नाही.

धंदा मालकाच्या एकट्याच्या नावावर, म्हणून मालकीणबाई सुटली होती. ती उठून म्हणाली, "राणीला तरी राहू द्या. तिला मी कधी उपाशी ठेवलं नाही."

"घर तेच आहे ना?" न्यायाधीशबाई म्हणाल्या.

मालकीणबाईने पर्समधून कंगवा काढून शिपायाच्या हातात दिला. हिच्या कानामागे गुंता होतो, हळू विंचरायला सांगा, एवढंच तिला बोलता आलं. मला ती आवडायची. अजूनही आवडते, आणि त्याची मला लाज वाटते.

आता मी निवाऱ्यात आहे. शेजारीच मागची असते. ती भिंतीला धरून चालायला लागली आहे, पण दार उघडलं की अजून कोपऱ्यात सरकते. आम्ही दोघी म्हाताऱ्या झालो आहोत. दहा वर्षं ही माणसाची शिक्षा. आमच्यासाठी तो सबंध जन्म असतो. ती सरतील तेव्हा मागची नसेल, मी नसेन, आणि मालकाला पुन्हा कुत्रं ठेवता येईल. तेव्हा त्या सोफ्यावर एखादी गोड, शांत, विंचरलेली आई बसलेली दिसली, तर तिचं कौतुक करत बसू नका. उठा आणि मागचं दार उघडा.