आजोबांना विचारायचे राहिले

मित्रांनो, मी एक जुने श्रवणयंत्र आहे. हे नाव फक्त दुकानातले. घरात मला सगळे मशीनच म्हणतात. भिजवलेल्या राजम्याच्या दाण्याएवढा मी. रंग एके काळी गव्हाळ होता, आता चहाच्या डागासारखा झाला आहे. कानामागे बसायचे, बाहेरचे आवाज गोळा करायचे आणि मोठे करून एका बारीक नळीतून कानात सोडायचे, एवढेच माझे काम.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. हातमोजे घातलेल्या मुलींनी चिमट्याने माझे भाग जुळवले. मग डबीत बसून मी बनारसला आलो आणि एका दुकानाच्या काचेच्या कपाटात पडून राहिलो. एके दिवशी यज्ञेश नावाचा तरुण आपल्या वडिलांना घेऊन तिथे आला. वडिलांचे नाव ढुंढिराज. बनारसच्या दूधविनायक मोहल्ल्यात पिढ्यान्‌पिढ्या राहणारे हे मराठी घराणे. ढुंढिराज पाठशाळेत मुलांना वेद शिकवत. पूर्वी शिष्याचा स्वर चुकला तर भिंतीपलीकडून त्यांच्या लक्षात येई. पुढे समोरचा काय म्हणतो तेच कळेना, तेव्हा त्यांनी शिकवणे सोडून दिले.

दुकानदाराने मला त्यांच्या उजव्या कानामागे बसवले. आम्ही घरी पोचलो तेव्हा आत तान्हे बाळ रडत होते. ती यज्ञेशची मुलगी बकुळ. ढुंढिराज उंबऱ्यावरच थबकले.

"हिचा आवाज इतका बारीक आहे होय!" ते म्हणाले, आणि चपला काढायचे विसरून तसेच आत गेले. माझे इतके कौतुक नंतर कधी झाले नाही.

बकुळ मोठी झाली तशी माझी काळजी तिच्याकडे आली. रोज संध्याकाळी ती माझे सेलचे दार उघडायची, मऊ फडक्याने मला पुसायची आणि ओल शोषणाऱ्या पुडीशेजारी डबीत ठेवायची. तिची मराठी घरातली आणि हिंदी गल्लीतली; दोन्ही एकाच वाक्यात यायच्या. "आजोबा, मशीन लावा ना, मला एक बात सांगायची आहे!"

बनारसमध्ये माझ्यासारख्याचे काम सोपे नाही. मला आवाज निवडता येत नाहीत. देवळांतल्या घंटा, भोंगे, गंगेवरच्या मोटारबोटी, गल्लीत अडकलेल्या दुचाकीचा हॉर्न, सगळे मी सारखेच मोठे करतो. म्हणून पोथी वाचताना आजोबा मला बंद करत. घरच्यांना हे ठाऊक होते. आजोबा पोथी घेऊन बसले की त्यांच्या पाठीमागे सगळे मोकळेपणी बोलत.

एका दुपारी मात्र ते मला बंद करायला विसरले.

यज्ञेशची बायको मैत्रेयी फिजिओथेरपिस्ट आहे. पडलेल्या, लुळ्या झालेल्या माणसांना ती व्यायाम शिकवून पुन्हा चालते करते. कोकणात समुद्रकाठी वेंगुर्ले नावाचे लहान गाव आहे. तिथल्या एका रुग्णालयाने तिला बोलावले होते. राहायला घरही मिळणार होते.

"रविवारपर्यंत कळवायचं आहे," ती स्वयंपाकघरात म्हणत होती. "काय सांगू त्यांना?"

"मला रामनगरची शाळा सोडावी लागेल," यज्ञेश म्हणाला. तो नदीपलीकडे गणित शिकवत असे. "तेही एक वेळ ठीक. पण तिथे आपलं कोण आहे? इथले लोक आपल्याला दक्षिणी म्हणतात, तिथले आपली मराठी ऐकून यूपीवाले म्हणतील."

"म्हणू देत. आपण का जातोय ते तुला माहीत आहे."

"माहीत आहे ग. पण बाबांचं काय? शेवटचे दिवस काशीत जावेत म्हणून माणसं कुठून कुठून येतात. आणि मी माझ्या बापाला या वयात काशीतून उचलून नेऊ? तिथे काही झालं तर?"

"आणि एकट्याला इथे ठेवून गेलो तर?"

"ते तर शक्यच नाही."

"मग नाही म्हणून कळवते," मैत्रेयी म्हणाली. त्यानंतर नुसता भांड्यांचा आवाज येत राहिला.

आजोबांनी पोथीचे पान उलटले नाही. त्यांचे बोट माझ्या चाकावर आले आणि त्यांनी माझा आवाज आणखी वाढवला. 

मित्रांनो, ते दिवस मला नकोसे झाले. आजोबा अर्धी पोळी ताटात ठेवून उठत. कुणी काही विचारले की "हं?" म्हणत, खरे म्हणजे मी शब्द नीट पोचवलेला असे. पोथी न घेताच मला बंद करून ते खिडकीशी बसत. त्यांना वाटत होते की मुलाला आणि सुनेला या अरुंद गल्लीचा कंटाळा आला आहे, समुद्र आणि अंगण हवे आहे, आणि त्यात अडचण आहे ती फक्त आपली.

शेवटी ते दुर्गाघाटावर गेले. तिथे त्यांचा लहानपणापासूनचा मित्र वेणीमाधव पायऱ्यांवर ऊन खात बसलेला असे. आजोबांनी त्याला सगळे सांगितले आणि मीही त्यांच्याबरोबर जाऊ का, असे विचारले.

"खुळा आहेस का ढुंढू?" वेणीमाधव ओरडलाच. "वहिनी इथे गेल्या. आई-वडील इथे गेले. आणि तू आता बाहेर जाणार? पोरांना जाऊ दे. मी आहे ना तुला बघायला!"

"तूच काठी घेऊन चालतोस," आजोबा म्हणाले. दोघे थोडे हसले, पण ते हसू फार टिकले नाही.

शनिवारी सकाळी दाट कोहरा, म्हणजे धुके, पडले होते. गल्लीच्या तोंडाशी कुणीतरी शेकोटी पेटवली होती आणि तिचा धूर खिडकीतून आत येत होता. बकुळ शाल पांघरून आली, आजोबांच्या मांडीवर चढली आणि त्यांच्या उजव्या खांद्यावर डोके ठेवून पडली. तिचे तोंड अगदी माझ्याजवळ आले.

तेव्हा मला तो आवाज मिळाला. प्रत्येक श्वासाबरोबर तिच्या छातीत एक बारीक शीळ वाजत होती. बासरीच्या फुटक्या भोकातून वारा जावा तशी. मी ती मोठी करून आजोबांच्या कानात सोडली. ते ताठ झाले. त्यांनी स्वतःचा श्वास रोखला आणि ऐकत राहिले.

"बकुळे, तुला दम लागतो?"

"सर्दीमध्ये लागतो," ती म्हणाली. "पण आईने मना केलंय. आजोबांना टेन्शन द्यायचं नाही."

आजोबांनी यज्ञेशला आणि मैत्रेयीला हाक मारली. इतक्या मोठ्याने की दोघे धावतच आले.

"त्या दुपारी तुम्ही बोलत होतात ना," ते म्हणाले, "तेव्हा माझं मशीन चालू होतं."

यज्ञेशचा चेहरा उतरला. "बाबा, आम्ही तुम्हाला..."

"ते राहू दे. आधी हिला काय झालंय ते सांगा."

मैत्रेयी त्यांच्या समोर जमिनीवर बसली आणि सावकाश, स्पष्ट बोलू लागली. दमा आहे. गेल्या हिवाळ्यात बकुळला दोनदा दवाखान्यात ठेवावे लागले होते. तेव्हा ती मावशीकडे गेली असे आजोबांना सांगितले होते. धुरापासून, या थंडीपासून ती लांब राहिली तर बरे, असे डॉक्टर म्हणत होते. खात्री मात्र कुणी देत नव्हते.

"तुम्ही मला तिचं दुखणं सांगितलं नाहीत," आजोबा म्हणाले. "आणि मी काशी सोडणार नाही हेही परस्पर ठरवून टाकलंत. अरे, मला विचारायचं तरी!"

 मग मैत्रेयीने त्यांचा हात धरला. "चुकलं बाबा. आता विचारते. याल आमच्याबरोबर?"

आजोबांनी बकुळच्या खांद्यावरची शाल नीट केली. 

"मला भीती वाटते ग," ते म्हणाले. "तिथेच संपलो तर, ही भीती आहेच. पण तुम्ही माझ्यासाठी इथे राहिलात, तर हिचा तो श्वास मला मशीन काढून ठेवलं तरी ऐकू येईल. मी येतो. फक्त एक. परत ने म्हटलं की न्यायचं. का म्हणून विचारायचं नाही."

"नेईन," यज्ञेश म्हणाला. 

अशा रीतीने आम्ही वेंगुर्ल्याला आलो. सगळे छान झाले असे मी सांगणार नाही. पहिल्या दिवशी आजोबा किनाऱ्यावर गेले आणि लाटांचा एवढा गलका मी त्यांच्या कानात ओतला की त्यांनी मला ओढून खिशात टाकले. शाळेत मुले बकुळच्या बोलण्याला हसली आणि ती रडत घरी आली. यज्ञेशला कितीतरी महिने काम मिळाले नाही. तो संध्याकाळी एकटाच वाळूत फिरत असे आणि परत आला की कुणाशी बोलत नसे. बकुळचा पहिला हिवाळा मात्र दवाखान्याविना गेला. औषधाचा पंप अजून तिच्या दप्तरात असतो.

माझे म्हणाल तर खारी हवा मला सोसली नाही. पावसाळ्यात माझ्या सेलच्या घरात हिरवट गंज चढला. मी खरखरू लागलो. आजोबांसाठी नवे यंत्र आले आणि मी टेबलाच्या खणात, खिळे आणि दोऱ्याच्या रिळांमध्ये जाऊन पडलो. बकुळला आता मैत्रिणी आहेत. ओल शोषणारी पुडी ठेवायचे तिच्या लक्षात राहिले नाही. मला वाईट वाटले, पण ती धावत खेळते याचा आनंदही झाला.

मित्रांनो, तुमच्या घरी माझ्यासारखे कुणी असेल तर त्याला ओलीपासून जपा, त्याचा सेल वेळेवर बदला. आणि ते ज्या माणसाच्या कानामागे बसते, त्याच्याबद्दल काही ठरवायचे असेल तर त्याच्या समोर बसून बोला. पाठीमागे बोलू नका.

गेल्या आठवड्यात नवे यंत्र दुरुस्तीला गेले, म्हणून मला खणातून काढले. खरखरतच मी पुन्हा आजोबांच्या कानामागे बसलो. यज्ञेश खुर्ची ओढून त्यांच्या अगदी समोर बसला होता.

"बाबा, आता तिकिटं काढली तर मिळतील," तो म्हणाला. "काशीला जायचं का?"

आजोबा अंगणाकडे बघत राहिले. तिथे बकुळ दोरीवरचे कपडे काढत होती.

"विचार करू दे," ते म्हणाले.

"करा," यज्ञेश म्हणाला, आणि उत्तराची वाट पाहत तिथेच बसून राहिला.