चारशे किलोमीटरवरची एकादशी

"बाही जरा सैलच ठेवा, भावजी. टीव्हीवाले येणार आहेत," गोदावरीबाई म्हणाल्या.

टीव्हीचा आणि सैल बाहीचा संबंध रंगनाथला कळला नाही, पण त्यानं विचारलंही नाही. विचारलं असतं तर गोदावरीबाईंनी सांगितलं असतं आणि त्यांची मुलगी अनुषा पुन्हा एकदा अंतराळात गेली असती. गेले पंधरा दिवस ती रंगनाथच्या शिलाईच्या दुकानातून रोज चार-पाच वेळा जात होती.

"आणि ब्लाऊज आजच पाहिजे हं. संध्याकाळी आरतीला ह्यांच्या शेजारी उभं राहायचंय."

धाकट्या भावाची बायको दुकानाची पायरी उतरून गेली. रंगनाथनं दोरा दातानं तोडला. गरजेपेक्षा थोडा जोरात.

मैसूरच्या त्या गल्लीत विठ्ठलाचं देऊळ होतं आणि देवळाभोवती मराठी बोलणारी शिंप्यांची घरं. त्या मराठीत निम्मं कन्नड कधी शिरलं हे विठ्ठलालाही ठाऊक नसावं. रंगनाथ मिसरूड फुटल्यापासून एकादशी करत आलेला, तीही निर्जळी. कावीळ झाली तेव्हा केली, स्वतःच्या लग्नाच्या पंगतीत केली. नवऱ्या मुलाच्या पुढ्यात नुसतंच केळीचं पान होतं. एवढं करून त्याचं नाव पेपरात एकदाच आलं, हरवलेल्या सायकलीच्या जाहिरातीत.

त्याची तक्रार नव्हती. एकादशीच्या संध्याकाळची आरती त्याच्या हातची, एवढा मान त्याला पुरे होता. तो देवळात शिरला की बायका मुलांना मागं ओढत, "सरका रे, निर्जळी आहेत ते." हे वाक्य ऐकायला त्याला दिवसभराची तहान परवडायची.

मागच्या एकादशीला मात्र अंतराळस्थानकात अनुषानं उपवास केला. तिचा बाप पद्मनाभ पत्रकाराला तसं बोलला आणि दुसऱ्या दिवशी फोटोसकट छापून आलं. हा पद्मनाभ मेटगळ्ळीच्या कारखान्यात होता तेव्हा एकादशीला कॅन्टीनमध्ये मद्दूर वडा खायचा. कांदा घातलेला. देवळाचे अध्यक्ष भुजंगराव स्वतः दुकानात येऊन सांगून गेले, "ह्या वेळची आरती पद्मनाभाला देऊया. तुमचं काय हो, दर एकादशीला आहेच की."

दर एकादशीला आहेच, हाच आपला गुन्हा असावा असं रंगनाथला वाटलं.

"तिकडं दीड तासाला सूर्य उगवतो," त्यानं दुपारी बायकोला सुनावलं. "म्हणजे तिची एकादशी दीड तासाची. एवढा उपवास आपलं मांजरही करतं."

लक्ष्मीदेवी रक्तदाबाची गोळी गिळत होती. "मग तिनं एका दिवसात सोळा केल्या म्हणा की."

रंगनाथनं पायडल मारलं. मशीन बोलायला लागलं की लक्ष्मीदेवी गप्प बसते, हा त्याचा जुना अनुभव.

ब्लाऊजला हूक लावत असताना त्याचा फोन वाजला. नंबर चमत्कारिक होता.

"दोड्डप्पा? अनुषा बोलते."

मोठ्या काकाला ती लहानपणापासून दोड्डप्पाच म्हणायची. आवाज जरा उशिरा पोचत होता, त्यामुळे दोघं एकमेकांच्या वाक्यावर चढत होते.

"तुझ्या अप्पाचा फोन बिझी असेल," रंगनाथ म्हणाला. "मुलाखती चालल्यात."

"तुम्हालाच केला. दोड्डप्पा, मी ती फास्ट केलीच नाही. त्या दिवशी सारखं व्हॉमिट होत होतं. अप्पानं विचारलं, जेवलीस का? मी म्हटलं, नाही. त्याला वाटलं एकादशी."

"मग सांगायचं नाही?"

"पेपरात आल्यावर कसं सांगू? मला रँक आली तेव्हा पण एवढा खूश नव्हता तो. मी झोपायची बॅग भिंतीला बांधते ना, तेव्हा विठ्ठल विठ्ठल म्हणते. तेवढंच खरं. आज तर मी जेवले पण."

विठ्ठल विठ्ठलकडे रंगनाथचं लक्ष नव्हतं. तो 'जेवले'वरच थांबला होता.

"तुम्ही एवढी वर्षं खरंखरं करता. मला शेम वाटते. तुम्हीच सांगून टाका देवळात. तुमचं ऐकतात सगळे."

फोन तुटला. रंगनाथनं उरलेले हूक कधी नव्हे इतक्या आनंदानं लावले.

संध्याकाळी तो देवळात गेला तो पहिल्या रांगेतच बसला. बोलायचं वाक्य त्यानं वाटेत कापून, बेतून ठेवलं होतं. आरतीच्या आधी बोलायचं, म्हणजे ताट फिरून आपल्याच हातात येईल.

पद्मनाभ ताट घेऊन उभा होता. निरांजन एका बाजूला कललं होतं. भावाला बघून तो खाली वाकला.

"अण्णा, तू दर वेळेला कसं रे करतोस हे? सकाळपासून पाणीसुद्धा घेतलं नाही मी. डोळ्यापुढं काजवे चमकतात."

"तू? तुला शुगर आहे मूर्खा."

"मुलगी तिकडं उपाशी आणि मी इकडं सुम्ने, उगीच वडा खाऊ? अय्यो, लाज वाटली रे."

रंगनाथनं हात पुढं करून कललेलं निरांजन सरळ केलं. तेवढ्यात मागून अमेय बोलला. हा पुण्याहून नोकरीसाठी आलेला, शुद्ध बोलणारा आणि शंका काढणारा.

"मला एक कळत नाही. अंतराळवीरांच्या खाण्याची मोजदाद असते. डॉक्टर उपाशी राहू देतील? हे कुणी तपासलंय का?"

भजनाचे टाळ थांबले. गोदावरीबाईंनी नव्या ब्लाऊजची सैल बाही मुठीत धरली. भुजंगरावांनी रंगनाथकडं पाहिलं. मग एकेक करून सगळ्यांनीच. एकादशीच्या बाबतीत या देवळात दुसरं कोर्ट नव्हतं.

सगळं देऊळ आपल्याकडं बघतंय, हे त्याला अजूनही आवडलं.

"केला उपवास," रंगनाथ म्हणाला. "आज तिचा मला फोन होता. आजही केलाय."

"हौदा? खरंच?" भुजंगराव कृतार्थ झाले. "रंगनाथराव म्हणतात म्हणजे झालं!"

टाळ पुन्हा सुरू झाले. पद्मनाभनं ताट उलट्या बाजूनं ओवाळलं. कुणीच हसलं नाही. चूक होऊनही कुणी हसत नाही, हे रंगनाथला फार लागलं. त्यानं भावाचा दंड धरून ताट सुलट फिरवलं आणि आरती संपताच त्याच्या तोंडात खडीसाखरेचा खडा कोंबला.

"अण्णा, उपवास—"

"गप चाव, शुगर उतरलीय तुझी. तुझा पोचला विठ्ठलाला."

घरी आल्यावर तो पाय धुऊन पाटावर बसला. लक्ष्मीदेवीला वाटलं, दमलाय.

"भात आहे?" त्यानं विचारलं.

"दुपारचा आहे, माझ्यापुरता. का?"

"वाढ."

तिनं त्याच्याकडं बघितलं. "बरं नाही का? आज एकादशी."

"बरा आहे. माझी आजची देवळातच गेली."

गल्लीतून देवळातली माणसं परतत होती. कुणीतरी अनुषाचं नाव घेतलं, कुणीतरी हसलं. लक्ष्मीदेवी उठली, तिनं आधी गल्लीकडचं दार लोटून कडी घातली आणि मग ताट घेतलं.